मस्कतची मुलगी

गिरीशच्या ग्रीन कार्डाचे कागद आम्ही कोलंबसला त्याच्या अपार्टमेंटमध्ये, जेवायच्या टेबलावर लावत बसलो होतो. नुकताच आमचा साखरपुडा झाला होता. त्याची पीएचडी संपत आली होती, प्रोफेसरांची शिफारसपत्रं हातात होती, आणि लग्न झालं की त्याच्या अर्जात बायको म्हणून मीही जाणार होते. मी मास्टर्सची विद्यार्थिनी, माझं तर आयतंच काम होणार होतं. आईने कुरिअर केलेला जन्मदाखला मी मोठ्या उत्साहाने त्याच्यापुढे सरकवला.

त्याने तो वाचला. मग परत वाचला.

“ज्ञानदा, यावर सांगली का आहे?”

“कारण मी सांगलीत जन्मले.”

“पण तू मस्कतची ना? विनीता काकूंनी तसंच सांगितलं होतं.”

कोलंबसलाच लागून असलेल्या डब्लिनच्या विनीता काकूंनीच आमचं जमवलं होतं.

“मस्कतचीच. बाबांची नोकरी तिथे, माझी शाळा तिथे. पण पहिलं बाळंतपण माहेरी असतं ना! आई सातव्या महिन्यात सांगलीला आली, आणि मला घेऊन परत गेली.”

मी हसत सांगितलं. तो हसला नाही.

“यार, ग्रीन कार्डची लाइन पासपोर्टवर नसते, जन्माच्या देशावर असते. इंडियाच्या लाइनमध्ये मी म्हातारा होईन. वाइफ मस्कतला बॉर्न असती तर आपण दोघंही ओमानच्या लाइनमध्ये गेलो असतो. तिथे गर्दीच नाही. माझं सगळं प्लॅनिंग त्यावर होतं.”

स्थळ बघताना लोक रंग बघतात, पगार बघतात, पत्रिका बघतात. माझं जन्मगाव बघून मला कोणी पसंत करेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि तेही चुकीचं जन्मगाव!

“मी मस्कतची नसते तर तू होकार दिला असतास?”

त्याने लॅपटॉप पुढे ओढला. “लॉयरशी बोलून बघतो,” म्हणाला.

या प्रश्नाला वकील लागतो हे मला तेव्हा कळलं.

वकिलाने नियमात होतं तेच सांगितलं. मग गिरीशचे फोन कमी झाले, थिसिसचं प्रेशर होतं म्हणे. शेवटी मेसेज आला, सध्या होल्ड करू या, दोघांनाही स्पेस मिळेल. साखरपुडा मोडायला त्याने साधा फोनसुद्धा केला नाही. मला संताप आला, आणि तरी मी त्याच्यासाठीच रडले. तो मला आवडत होता. बर्फ पडत असला की मला घ्यायला लॅबपाशी गाडी घेऊन यायचा. तेव्हा तो माझ्यासाठी यायचा की ओमानसाठी, हे आता कुणाला विचारू?

आईला फोन करून सगळं सांगितलं. वाटलं, ती त्याला चार शिव्या हासडेल. मला तेवढंच हवं होतं.

“चुकलंच माझं,” ती म्हणाली. “तुझे बाबा म्हणत होते, इथलं हॉस्पिटल चांगलं आहे, इथेच राहा. पण मला माझ्या आईजवळ जायचं होतं गं. खूप भीती वाटत होती.”

तेव्हा ती माझ्याहूनही लहान होती. तिचं काहीही चुकलं नव्हतं, आणि हे मला तिला लगेच सांगायचं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

“मग राहायचं होतंस ना तिथेच,” मी म्हणाले.