सान एलेउतेरिओची हद्द आणि देल्फिनाचा कान

मी एक जुना हद्दीचा दगड आहे, मित्रांनो. होंडुरासच्या डोंगरात अकरा वाड्या आणि एक चर्च मिळून सान एलेउतेरिओची नगरपालिका होते. तिच्या सनदेत हद्दीच्या तीन खुणा होत्या : दुभंगलेला पाइन, ओढ्याचं वळण आणि मी. पाइन वणव्यात गेला. ओढ्याने वादळात वाट बदलली. तेव्हापासून इथला इतिहास आणि भूगोल, दोन्ही माझ्याच डोक्यावर बसले आहेत.

दर जानेवारीत गावकरी हद्दीवरून चालत येत. मला चुना लावत, माझ्यावर घोटभर दारू ओतत आणि एका मुलाचा कान कळवळेपर्यंत पिळत. जागा जन्मभर लक्षात राहावी म्हणून. सात वर्षांच्या देल्फिनाचा कान माझ्यापाशीच पिळला गेला. ती अशी रडली की खालच्या झऱ्यावर पाणी भरणाऱ्या बायका धावत आल्या. त्या झऱ्यावर अख्खी वाडी जगत होती.

पन्नास वर्षं गेली. एकदा जत्रेच्या दिवशी सगळे चर्चमध्ये असताना हद्दीपलीकडच्या, वरच्या रानाचे मालक लेओन्सिओ यांची माणसं दोन बैलजोड्या आणि साखळी घेऊन आली. भर दुपारी त्यांनी मला उपटलं आणि चारशे पावलं उतारावर, झऱ्याच्याही खाली नेऊन पुरलं. काम चोख होतं, हे मान्य केलं पाहिजे. मी आधीपेक्षा सरळ उभा होतो.

जानेवारीत मंडळी आली. चुन्याचा डबा उघडला, तेवढ्यात म्हातारी देल्फिना ओरडली, "थांबा! माझा कान इथं नाही पिळला. झऱ्याच्या वर पिळला होता!"

"देल्फिनाबाई, पन्नास वर्षांचा जुना कान तो," नगराध्यक्ष अबुंदिओ म्हणाले. "त्याला अजून ऐकू तरी येतं का?"

सगळे हसले.

"तुझ्यापेक्षा बरं येतं, अबुंदिओ. वर चल, खड्डा दाखवते."

"एवढा चढ कोण चढणार? दगड तिथं हद्द, सनदेत लिहिलंय. दगड काय पायांनी चालत आला?"

त्या वर्षीची दारू लेओन्सिओंनी पाठवली होती. माझ्या वाट्याला थेंबभरच आली. मला ओरडून खरं सांगायचं होतं. पण दगड बोलत नाही. म्हणूनच तर त्याला साक्षीला उभा करतात.

आठवड्यात झऱ्याभोवती लेओन्सिओंची काटेरी तार आली. बायका दोन तासांवरच्या नदीचं पाणी आणू लागल्या. त्या पावसाळ्यात त्या गढूळ पाण्याने वाडीतली तीन मुलं गेली. मग एकेक घर वाडी सोडून उत्तरेकडे, परदेशी निघून गेलं. पुढच्या जानेवारीत मला चुना लागला, दारूही मिळाली. कान पिळायला मात्र मूल सापडलं नाही; वाडीत उरलेली एकच, देल्फिनाची नात, ती तिनं पाठवली नाही.

सर्वांत शेवटी देल्फिना निघाली. नात नोएमीला घेऊन ती आली, पण माझ्यापाशी थांबली नाही. तारेखालून सरपटत दोघी वर गेल्या, माझ्या जुन्या खड्ड्याकडे.

"आई गं! आजी, सोड ना, दुखतंय!"

"दुखू दे. कुठं उभी आहेस ते नीट बघून घे."

मित्रांनो, कुठल्याही हद्दीच्या दगडाला चुना लावण्याआधी जरा चढ चढून बघा, वर त्याच्या मापाचा खड्डा तर नाही ना. मी आजही इथं ताठ, पांढराशुभ्र उभा आहे. सान एलेउतेरिओची खरी हद्द नोएमीच्या डाव्या कानात बसून परदेशी गेली.