लाल टिकली अन् कूलर

"तुले कायचा राग आला बे, संघपाल? लाल टिकली काहून लावली?" शेखर सर माह्या अंगावरच आले.

"तुमीच म्हनलं होतं सर, मनात हाय थेच लावाचं."

"काल तं पिवळी होती तुही."

"काल सकाळी कूलर चालू होता."

आमचं पार्सलचं गोदाम अकोल्याले हाय. वर टिनं, खाली आमी, मधात मे महिना. अमरावतीच्या मोठ्या हापिसानं एक फळा धाडला. रोज आपल्या नावासमोर टिकली लावाची. खुश असन तं पिवळी, दुःखी तं निळी, राग आला तं लाल. लालवाल्याले सरानं केबिनमंदी बसवून त्याचं मन मोकळं कराचं. केबिनमंदी एसी हाय. आमच्या कूलरचा पंप काल दुपारी जळला, तं सर म्हन्ते, अर्ज वर गेला.

मले केबिनमंदी बसवलं. "घरी काही टेन्शन?"

"नाही सर. घरी कूलर हाय."

बाहीर आलो तं गारेगार. माह्यासंगं पार्सल उचलनाऱ्या पिंटूनं माह्यं तोंड पाह्यलं, अन् काही न इचारता आपली टिकली बदलली.

दुसऱ्या दिवशी फळा म्हन्जे मिरच्या वाळत घातल्यावानी. जाईबाई पार्सलले टेप लावते. तिले पंप जळला त्याच दिवशी चक्कर आली होती. थे म्हने, "मले राग येत नाही बाप्पा, पन एवढे पोट्टे रागावले तं मीबी रागावतो." केबिनसमोर लाइन, अन् गाडी तशीच भरून उभी.

शनिवारी फळ्याचा फोटो अमरावतीले जाते. लाल जास्त दिसले तं सराचीच खुर्ची हालते. सरानं डोकं लावलं. आजपासून मन मोकळं शेडातच कराचं. खुर्ची टाकली, जाईबाईले म्हने, "बोला, माय."

जाईबाई बोलाले लागली. सून, सुनेची माय, मंग जावई. सराचा शर्ट पाठीले चिकटला, टायची गाठ छातीवर आली.

"झालं का, माय?"

"आताशी मोठ्या जावयापर्यंत आलो. अजून दोन हायेत."

सर उठले. आपल्या नावासमोर लाल टिकली चिकटवली अन् अमरावतीले फोन लावला. "अर्ज राहू द्या साहेब. पंप मी आनून राहिलो, बिल धाडतो."

आता कूलर सुरू हाय. जाईबाई कूलरसमोर बसून दुसऱ्या जावयाचं सांगून राहिली. पानी टाकाचं काम माह्या गळ्यात पडलं, सर म्हने भांडन तूच सुरू केलं. पानी सरलं, टाकी खडखड करून राहिली, अन् पिंटू कूलरसमोरच्या माह्या जागेकडे सरकून राहिला. मले आता पानी आनाले जा लागते.