दोन हातांची चौकट

यज्ञेश्वरपंतांनी चौकट सांगितली होती दोन हात रुंद, आणि घरी आली दीड हाताची. आता बोला!

पेशव्यांच्या दफ्तरात वीस वर्षं कारकुनी केलेला माणूस हो हा. दुसऱ्याच्या कागदातली काना-मात्रेची चूक काढण्यात हयात गेली, आणि त्यालाच वखारवाल्याने असा हात दाखवावा? शनिवार पेठेतल्या घरात मधल्या खोलीची भिंत फोडून ठेवलेली, दाराच्या जागी नुसती चटई लोंबतेय. आत पलंगावर नाना, म्हणजे पंतांचे वडील, एकेकाळी त्याच दफ्तरातले कारकून. उजवं अंग लुळं पडलेलं, उचलायला गेलं की कळवळायचे. जुन्या अरुंद दारातून डोली आत शिरत नव्हती. नवी चौकट बसली की डोली थेट पलंगापाशी येणार, सोमवारी नाना पेठेतल्याच ओंकारेश्वराच्या देवळात जाणार, वर्षभराने अंगावर ऊन पडणार. एवढ्यासाठी सगळा खटाटोप.

पंत तणतणत वखारीत शिरले. "अहो शेट, दोन हात म्हणजे किती ते तरी कळतं का आपल्याला?"

श्यामसुंदर शेटांनी सुपारी कातरणं काही थांबवलं नाही. "हात तुमचा वेगळा, माझा वेगळा. आम्ही तोंडी माप घेत नाही. दोरीला विचारा."

वखारीची रीतच होती तशी. गिऱ्हाइकाने दाराची रुंदी दोरीवर मोजून गाठ मारून आणायची. टोकापासून गाठीपर्यंत जेवढी दोरी, तेवढी चौकट. शेटांनी खुंटीवरून पंतांची दोरी काढून पुढे टाकली. पंतांनी ती आपल्या हाताला लावली. दीड हात! पुन्हा लावली. पुन्हा दीडच.

"तुम्ही गाठ सरकवलीत," पंत ओरडले.

"मग गाठ बघा ना. चष्मा नाही म्हणून सांगू नका."

पंतांनी बघितली आणि त्यांचा आवाज बसला. दफ्तरात कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात गुंडाळलेले गठ्ठे, बांधताना मारतात ती दुहेरी गाठ होती. ही वखारीतल्या कोणाला येणं शक्य नव्हतं. म्हणजे गाठ आपलीच? पण आपण तर दोन हात मोजले होते. मोजले होते ना? आज दोरी चुकली, उद्या सरकारी कागद चुकेल. म्हातारचळ लागला की काय, चाळिशीतच!

"चला," शेट उठले. "घरीच बघू. माझी चूक निघाली तर चौकट फुकट."

घरी दोरी भिंतीच्या भगदाडाला लावली. चांगली वीतभर कमी पडली. शेटही गोंधळले. पंतांची बायको सुनीती पदर सावरत पुढे आली आणि तिने दोरी उजेडात धरली.

"अहो, ही चावलेली दिसतेय. हे बघा, दात उमटलेत."

"उंदीर असेल," पंत म्हणाले.

"वा! तुमच्या घरच्या उंदरांना दफ्तरी गाठ येते वाटतं," शेट म्हणाले.

"माप घेतलंत त्या दिवशी दोरी तुम्ही जेवायला बसताना नानांच्या उशाशी ठेवली होती," सुनीती हळूच म्हणाली.

तेवढ्यात चटईआडून आवाज आला. "तुझी गाठ सोडून मी मारली ही गाठ. एका हाताने जमेना, म्हणून दातांनी ओढली."

पंत आत धावले. "नाना, तुम्ही? अहो, पण का?"

"डोली आत यायला नको म्हणून."

"ओंकारेश्वरापर्यंत तर न्यायचं होतं तुम्हाला!"

"आनंदीलाही तू हेच सांगितलं होतंस."

आनंदी म्हणजे नानांची धाकटी बहीण, बालविधवा, जन्मभर याच घरात राबलेली. तीन वर्षांपूर्वी पंतांनी तिला ओंकारेश्वराला म्हणून डोलीत बसवलं आणि तिथूनच काशीला निघालेल्या यात्रेकरूंच्या हवाली केलं. काशीत मरण म्हणजे सोनं, असं अख्खी पेठ म्हणाली होती. चार महिन्यांत ते सोनं झालंही. आपण मोठं पुण्य केलं, असं पंत आजवर धरून चालले होते. आता तेच पुण्य समोर आलं आणि त्याचं काय करावं ते त्यांना कळेना.

"जाताना मला म्हणाली, दादा, संध्याकाळी माझा भात ठेवायला सांग," नाना म्हणाले. "मी ठेवायला लावला होता."

"नाना, शपथ घेऊन सांगतो, या वेळी खरंच फक्त..."

"तिला कोणी विचारलं नाही. मला तरी विचार."

पंत पलंगाशी खालीच बसले. शेट दारात उभे होते, बायको बघत होती, तरी डोळ्यांचं पाणी थांबेना. "नाना, जायचंय का तुम्हाला?"

"नाही."

पंतांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि मान वळवली.

"शेट, तुमची चौकट बरोबर आहे. गवंड्याला सांगून उरलेली भिंत भरून घेतो."