हजरतांचे अश्रू आणि तळघरातली घरघर

गुरुवारी दुपारी ब्रॅडफर्डच्या त्या गल्लीत गाडी लावायला जागा उरली नव्हती. बर्मिंगहॅमहून अख्खी बस आली होती, ग्लासगोची दोन कुटुंबं पहाटेच निघाली होती. तिथल्या दर्ग्यात अडीचशे माणसं ओल्या कोटांसकट एकमेकांना खेटून बसली होती, मागून लंगरच्या भाताची वाफ येत होती आणि सगळ्यांचे डोळे मधल्या संगमरवरी चबुतऱ्यावर लागले होते. पांढऱ्या दगडावर बारीक थेंब जमायला लागले. ते वाढले, एकमेकांत मिसळले आणि ओघळले.

"हजरत रडतायत," कुणीतरी म्हणालं, आणि बायकांच्या बाजूला हुंदके सुरू झाले.

साहेबजादा कमरशाह रुमालाने ते पाणी टिपत होता आणि बाटल्यांत पिळत होता. त्याच रुमालाने मधूनच स्वतःचं कपाळही पुसत होता. तोंडाचा पट्टा चालूच होता. विलायतेचे डॉक्टर हात टेकतात तेव्हा हजरतांचे डोळे भरून येतात. ज्याचा विश्वास पक्का त्याची इन्सुलिनची सुई सुटली, ज्याचा कच्चा त्याने बसावं टोचत.

हजरत म्हणजे त्याचे वारलेले सासरे; जावई असून तो स्वतःला साहेबजादा म्हणवत होता. कापडगिरणीत रात्रपाळी केलेला साधा, देवभोळा माणूस. छातीच्या गोळ्या कुर्त्याच्या खिशात ठेवायचे आणि लोकांनाही सांगायचे, औषध चुकवू नका. त्यांची कबर गावाबाहेरच्या कबरस्तानात होती, कारण इमारतीत दफन करायला नगरपालिकेने परवानगी दिली नव्हती. चबुतऱ्याखाली होती फक्त त्यांची पगडी आणि काठी. आणि ही वास्तू सहा वर्षांपूर्वीपर्यंत पब होती.

भिंतीला टेकून बसलेल्या गजनफरचाचांना गुलाबपाण्याखालून गालिच्यातल्या जुन्या बिअरचा आंबूस वास येत होता. त्याहून वाईट वास शेजारून, पडद्यापलीकडून येत होता. तो त्यांच्या बायकोच्या, सफूराच्या पायाचा होता. बारा दिवस तिने इन्सुलिन घेतलं नव्हतं. अंगठ्याची जखम काळी पडली होती आणि ती रोज त्यावर बाटलीतले अश्रू ओतत होती. सोमवारपर्यंत सुई सुरू झाली नाही तर पाऊल काढावं लागेल, असं घरी येणाऱ्या नर्सने बजावलं होतं. सफूराने तिला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

तेवढ्यात चाचांच्या पायाखालची बारीक घरघर थांबली. खट् असा आवाज झाला. थोड्या वेळाने पुन्हा घरघर.

तो खट् चाचा झोपेतही ओळखू शकले असते.

अठ्ठावीस वर्षं त्यांनी घरी, मशिदीत, मीरपूरला गावी धाडलेल्या पत्रांत एकच सांगितलं होतं, की मी दूध थंड करायच्या कारखान्यात यंत्रं सांभाळतो. खरं म्हणजे ते पबांच्या तळघरांत बिअर गार करणारी यंत्रं दुरुस्त करत होते. एक थेंब कधी जिभेला लावला नव्हता, पण घर चाललं होतं ते त्याच पैशावर. घरी येण्याआधी ते गाडीतच सदरा बदलत.

आता उठावं तर अब्रू जाते, बसावं तर सफूराचा पाय जातो. चाचा उठले.

"साहेबजादा, खालचं यंत्र बंद करा आणि मग रडवून दाखवा."

कमरशाह हसला. त्याला असल्या शंकांची सवय होती आणि त्यावरचं कुलूपही तयार होतं. "खाली तर दारूचं तळघर होतं, चाचा. इथला कोण शरीफ माणूस तिथे उतरलाय, तिथलं सांगायला?"

लोक हसले. पडद्यापलीकडून सफूराचा आवाज आला, "साजिदचे अब्बा, बसा खाली."

"मी उतरलोय," चाचा म्हणाले. "या नाही, पण असल्या शेकडो तळघरांत. अठ्ठावीस वर्षं मी बिअर गार करत होतो. दुधाचं खोटं सांगितलं."

हसणं थांबलं. पहिल्या रांगेतला एक म्हातारा तोंड फिरवून "तौबा" म्हणाला. चाचांनी जुन्या काउंटरमागचा गालिचा बरोबर हवा तिथे उचलला. खाली तळघराचं झाकण होतं, झाकणाला कडी होती. दोन तरुणांना बरोबर घेऊन ते उतरले. बिअरचं शीतयंत्र जागच्या जागी होतं आणि त्याच्या थंड नळ्या वर चबुतऱ्याच्या पोटात शिरल्या होत्या. चाचांनी बटण दाबून ते बंद केलं.

वर येऊन त्यांनी दगड कोरडा पुसला. पाऊण तास गेला. दगड हळूहळू कोमट झाला आणि अश्रू आटले. कमरशाहने सांगून पाहिलं, की हजरत रुसले. तेव्हा चाचांनी लंगरच्या फ्रिजमधून लस्सीची बंद बाटली आणून चबुतऱ्यावर ठेवली. बघता बघता बाटलीला घाम फुटला.

"हिला कुणी रडवलं?" त्यांनी विचारलं. "तुमचे श्वास, ओले कोट, भाताची वाफ. हवेतलं पाणी थंड वस्तूवर जमतं. तुमच्याच तोंडची वाफ हा फडक्याने पिळून तुम्हांला पाजतोय."

एका तरुणाने अश्रूंची बाटली मोरीत उपडी केली, मग आणखी काहींनी. पण एका बाईने दगडाच्या कडेला उरलेला शेवटचा ओलावा पदराने टिपून घेतला, आणि तौबावाला म्हातारा जाताना कमरशाहला काही बोलला नाही. "बिअरवाला" म्हणून थुंकला तो चाचांच्या पायाशी. किळस यायची तर ती अशा थुंकण्याची यावी.

गाडीत सफूराने दुखरा पाय जपून आत घेतला.

"तुम्ही मला दूध म्हणालात, तो मला अश्रू म्हणाला," ती म्हणाली. "दोघांनी फसवलंत."

"हो," चाचा म्हणाले.

"त्याचं खोटं पकडावं लागलं. तुमचं तुम्हीच सांगितलंत." मग तिने विचारलं, "सुई फ्रिजमध्येच आहे ना?"

अंगठा गेला, पाऊल वाचलं. चाचांना आजही त्या गल्लीत दोघे-तिघे सलाम करत नाहीत.

हजरतांवर माया असेल त्यांनी ती जरूर ठेवावी. त्या भल्या माणसाला तुमचं औषध बंद पाडून काय मिळणार होतं? पण दगड रडू लागला तर आधी त्याला हात लावून पाहा, गार आहे का. मग विचारा, खाली काय आहे. खाली उतरायची आपल्याला लाज वाटते हे लबाडाला पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो यंत्र तिथेच ठेवतो. लाज बाजूला ठेवा आणि उतरा.