बेकरीच्या भिंतीवरची वेल

पट्टीकाका निवृत्त झाले आणि तिसऱ्याच आठवड्यात काकूंना कळून चुकलं, की आपलं घर फार लहान आहे. छत्तीस वर्षं हा माणूस नऊला बाहेर पडून साडेसहाला परतत होता, तोवर तेच घर ऐसपैस वाटायचं.

काकांची सगळी नोकरी नळांचे आणि सांडपाण्याचे नकाशे काढण्यात गेली. रेघ केसभर चुकली तरी ते कागद फाडून नवा घ्यायचे, म्हणून ऑफिसात त्यांचं नाव पडलं पट्टी आणि गल्लीत पट्टीकाका. आता नकाशे नव्हते, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. मग काकूंच्या भरतकामाच्या पेटीतले दोरे फिक्यापासून गडदपर्यंत लावले. काकूंना दोन दिवस हवा तो हिरवा सापडला नाही.

"अहो, काहीतरी काम घ्या हाताशी," काकू म्हणाल्या.

"कसलं?"

"माझ्या हाताशी नसलेलं."

त्याच आठवड्यात कोपऱ्यावरची बेकरीवाली एक पांढरं टेबलक्लॉथ घेऊन आली. तिची बेकरी महिनाअखेर पलीकडच्या रस्त्यावर जाणार होती. सामान जाईल, भट्टी जाईल. पण मागच्या भिंतीवर चढलेली वेल काही नेता येणार नव्हती. तिच्या आईने लावलेली होती ती.

"काकू, या कापडावर तीच वेल भरून द्या. दुसरी कुठली नको," असं म्हणून तिने मोबाइलवरचा फोटो दाखवला.

काकू अवघडल्या. भरण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण आजवर सगळं बाजारातल्या तयार छाप्यांवर. "मला भरता येतं गं, काढता येत नाही."

"मी काढतो," आतून काकांचा आवाज आला. नको म्हणायच्या आत ते पट्टी आणि पेन्सिल घेऊन बाहेर हजर होते.

दोन दिवसांत नक्षी तयार झाली. काकूंनी कागद हातात घेतला. सगळी पानं एका मापाची. फांद्या बरोबर पंचेचाळीस अंशांत फुटलेल्या.

"अहो, ही वेल आहे की गटाराची लाइन?"

"मापात आहे," काका म्हणाले. "एक इंच म्हणजे एक फूट."

काकूंना वाटलं, भरताना टाक्यांनी सावरून घेऊ. नक्षीच्या रेघांवर सुईने बारीक भोकं पाडायची, तो टोचलेला कागद कापडावर ठेवायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्याने वरून फिरवायची, की भोकांतून ठिपके खाली उतरतात. काकूंनी कागद टोचून ठेवला आणि त्या भाजी आणायला गेल्या. काकांना कुठला धीर! तेवढं आपणच करून टाकू म्हणून त्यांनी नीळ कालवली. रॉकेल जास्त झालं. पहिलाच बोळा फिरवला आणि कागदाखालून निळा डाग पसरत पसरत बशीएवढा झाला. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी डागाला साबण लावून खसाखसा चोळलं, तो जाईना, तेव्हा निदान कापड तरी वाळावं म्हणून वरून गरम इस्त्री फिरवली. नीळ पक्की बसली.

काकू आल्या तेव्हा काका खुर्चीत मान खाली घालून बसले होते. कापड मांडीवर.

"हात दाखवून अवलक्षण केलं मी," ते म्हणाले.

काकूंनी डाग उजेडात धरून पाहिला. त्या रागावल्या होत्या, पण छत्तीस वर्षांत या माणसाच्या तोंडून 'चुकलं' अशा अर्थाचं काही पहिल्यांदाच निघालं होतं. "नुसतं वाळू दिलं असतं तर झटकून गेलं असतं हो. चला, आता तिला सांगून येऊ."

"मी सांगतो. तू फक्त बरोबर ये."

बेकरीवालीने डाग पाहिला, कपाळाला हात लावला आणि मग विचारलं, "काठाकडेच आहे ना? चारी बाजूंनी कापून टाका. नव्या जागेतलं टेबल तसंही छोटंच आहे." मग तिने नक्षीचा कागद पाहिला आणि तिला हसू आवरेना. "काका, तुम्ही वेल पाहिली तरी आहे का?"

काकांनी पाहिली नव्हती. नुसता फोटो बघून उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या.

तिने त्यांना मागच्या दाराने नेलं. भिंतीला भट्टीची ऊब होती. वेल नळाला विळखा घालून वर गेली होती. खालची पानं तळहाताएवढी, वरची नखाएवढी. काही किडीने कुरतडलेली, एक फांदी मधेच विचार बदलून खाली वळलेली. काका रिकाम्या खोक्यावर बसले. सवयीने त्यांनी खिशातून पट्टी काढली, पानाला लावून पाहिली आणि परत खिशात ठेवली.

पुढचे चार दिवस ते सकाळी बेकरीमागे जाऊन बसत. घरात शांतता झाली. काकूंनी दोऱ्यांची पेटी पुन्हा आपल्या मनासारखी विस्कटून घेतली. चौथ्या दिवशी काकांनी कागद समोर ठेवला. कुरतडलेली पानंसुद्धा होती त्यात.

"ही भोकं पण भरायची?" काकूंनी विचारलं.

"नको असतील तर..."

"राहू देत. इथे टाका सोडून देईन मी, म्हणजे कापड दिसेल."

या वेळी दोघं मिळून बसले. काकूंनी टोचलं. कागदाच्या मागे भोकांची खरखर राहिली होती, ती काकांनी पॉलिश पेपरने अलगद घासून काढली. हे काकूंना कधी सुचलं नव्हतं. नीळ मात्र काकूंनी स्वतः कालवली, बोळा पिळून काकांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "दाबू नका. नुसतं पुसा." कागद उचलला तर ठिपके मोहरीसारखे स्वच्छ उतरले होते, एकही फुटला नव्हता. काका ते बघतच राहिले. बायको इतकी वर्षं या खोलीत काय करते, हे त्यांनी एवढ्या जवळून आजच पाहिलं होतं.

बेकरी हलली त्याच्या आदल्या दिवशी कापड तयार झालं. बेकरीवालीने ते टेबलावर पसरलं, खाली वळलेल्या फांदीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "ही फांदी आई रोज वर करून ठेवायची. हट्टी होती, परत खालीच यायची."

आता काकूंकडे महिन्याला दोन-तीन जणी येतात. कुणाला अंगणातलं झाड हवं असतं, कुणाला पाळलेलं मांजर. काका आधी जाऊन बघून येतात. मांजर एका जागी बसत नाही, म्हणून परवा ते तीन तास कुणाच्या तरी जिन्यात बसून होते. जेवायला उशिरा आले, तेव्हा काकूंनी ताट झाकून ठेवलं होतं.

"मिळालं का मांजर?"

"शेपूट मिळाली," काका म्हणाले. "उद्या तोंड."