शिक्का मागणारा कावळा

१९९४ सालचं टोकियो. एरवी कचऱ्याची पिशवी दिसली की दहा कावळे तुटून पडायचे. पण दहाव्या दिवशी नदीकाठी त्र्यंबककाकांचा पिंड मांडला, तर एक मेला शिवेल तर शपथ! चारुदत्त वैतागला. काकांनी मृत्युपत्रात त्यालाच एक्झिक्युटर नेमलं होतं. म्हणजे राहिलेली इच्छाही त्यानंच ओळखायची.

“काका, पुस्तकं वाचनालयाला देतो. काकूंकडे लक्ष ठेवतो.”

समोरच्या झाडावरचा कावळा ढिम्म.

काकांच्या जपानी पत्नी अकिकोकाकू हळूच म्हणाल्या, “चारुदत्त-सान, यांचं आरोग्य विम्याचं कार्ड वॉर्ड ऑफिसात परत केलंत? चौदा दिवसांची मुदत असते.”

चारुदत्तानं कपाळावर हात मारला. कार्ड त्याच्याच खिशात होतं! “आजच जमा करतो, काका. शब्द देतो!”

कावळ्यानं मान फिरवली.

शेवटी चारुदत्त सायकल हाणत ऑफिसात गेला, काका गेल्याचं कळवून कार्ड जमा केलं आणि घामाघूम होऊन परतला. पोचपावती त्यानं कावळ्यापुढे धरली. कावळा खाली उतरला. मान वाकडी करून त्यानं पावतीवरचा लाल शिक्का न्याहाळला आणि मग कुठे पिंडाला शिवला.

“चाळीस वर्षं या शिक्क्यांच्या देशात राहिले,” काकू डोळे पुसत म्हणाल्या, “नुसत्या शब्दावर कसे जातील?”