पांढऱ्या धोतरातला कँडिडेट

चूक तुमची आहे, साहेब. भरतीच्या नोटिशीवर साधं ‘उमेदवार’ लिहिलं असतं, तर आज मी कारखान्यात जड सामान चढवणारा पर्मनंट खलाशी असतो. तुम्ही लिहिलंत ‘कँडिडेट’.

मी पडलो स्वतःच शिकलेला माणूस. रायपूरच्या बाजारातून आणलेली, पुठ्ठा गेलेली इंग्रजी डिक्शनरी झोपडीत आहे. शब्द कुठून आला, तेही तिच्यात असतं. सॅलरी हा शब्द मिठावरून आला, हे मी बायकोला जेवताना ऐकवलेलं आहे. तसाच कँडिडेट पाहिला. जुन्या रोमचे लोक पद मागायला खडू चोळलेल्या पांढऱ्याशुभ्र वस्त्रात जात. कँडिडेट म्हणजे पांढऱ्या वस्त्रातला.

“शकू, शेजारच्या जानरावभाऊचं लग्नातलं धोतर मागून आण.”

“जड सामान चढवाले धोतर? चिंधूभाऊ तर खाकी चड्डीतच चालले.”

“चिंधूले रोम माहीत हाय का?”

“नाही. चेनपुली माहीत हाय.”

ओझं उचलायची ती साखळीची कप्पी, चेनपुली, मलाही माहीत होती. ठेकेदाराकडे तेच करत होतो. पण भट्टी उभी राहिली की ठेकेदार गाशा गुंडाळणार, म्हणून तर ही धडपड.

धोतराला खडू चोळला आणि बांधकामाची लाल धूळ चुकवत, बगळ्यासारखा पाय टाकत तुमच्या परीक्षेला आलो. तुम्ही काही विचारलंच नाहीत. ग्रीसनं माखलेली चेनपुली दाखवून म्हणालात, “चढ़ाओ.” चिंधूनं ती छातीशी धरली आणि वर तुळईला चढवली. माझी पाळी आली. धोतर परक्याचं. मी दोन बोटांनी उचलायला गेलो.

“बारात कहाँ है, भाई?” तुम्ही म्हणालात.

रांग हसली. मी तुम्हाला रोमची हकीकत सांगायला लागलो, तेव्हा तर रांग बसूनच हसली. तुम्ही चिंधूला घेतलंत.

घरी शकूनं धोतर उलटंपालटं करून पाहिलं. “डाग नाही लागला. जानरावभाऊ खुश होतीन.” मग चुलीकडे वळून म्हणाली, “डब्यातली सॅलरी सरली हाय. चिंधूभाऊच्या घरून मूठभर आणू का?”

मी मूर्ख, कबूल. रोमला पोचलो, पुलीपर्यंत नाही पोचलो. पण शब्द तुम्ही लिहिलात, अर्थ न पाहता. मी पाहिला, त्याची ही शिक्षा? धोतर परत केलंय. माझी स्वतःची चड्डी आहे, काळी झालेली. दोन्ही हातांनी चढवून दाखवतो. कधी येऊ? उत्तर द्या.